शनीची फेरी अजून बाकी आहे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या सोसायटीला २५ वर्षे झाली. एवढ्या काळात पृथ्वीने सूर्याभोवती २५ फेऱ्या मारल्या, गुरूने दोन. शनीची मात्र एकही पूर्ण झाली नाही, कारण त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. हे पुस्तकात वाचलं की विसरायला होतं. फिरताना पाहिलं की लक्षात राहतं. म्हणून आज ग्रहमालेच्या फिरत्या यंत्रांबद्दल थोडं बोलतो.

अशा यंत्राला इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात एका सरदारावरून ‘ऑररी’ हे नाव पडलं. आत सगळा दातेरी चाकांचा खेळ. लेकरांनो, १० दात्यांचं चाक १२० दात्यांच्या चाकाला जोडलं, तर छोटं १२ वेळा फिरतं तेव्हा मोठं एकदा. दिशा एकच राहावी म्हणून मध्ये आणखी एक चाक घालायचं. छोट्यावर पृथ्वी, मोठ्यावर गुरू बसवा. हिशोब जवळपास बरोबर येतो!

यातलं मला सगळ्यात आवडतं ते नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावचं. मे १७७४ मध्ये चंद्र आणि चार ग्रह आकाशात जवळ येणार होते. आता जग बुडणार, अशी अफवा उठली आणि लोक घाबरले. तिथल्या आयसे आयसिंगा या लोकर विंचरणाऱ्या कारागिरानं स्वतःच्या बैठकीच्या खोलीच्या छताला ग्रहमाला बसवायला घेतली. लाकडी चाकं, दात्यांच्या जागी हातानं घडवलेले खिळे आणि चालवायला लंबकाचं घड्याळ. सात वर्षांनी, १७८१ मध्ये, काम पुरं झालं. त्या छतावरचा शनी खऱ्या शनीइतकाच वेळ घेतो. यंत्र आजही चालू आहे. २०२३ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आपलं वाशीमही या विषयाला परकं नाही. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली. त्यात उज्जयिनी, कुरुक्षेत्राबरोबर वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी बांबूच्या कामट्यांचा गोल बांधून आकाश समजावण्याची रीत दिली. त्या गोलाच्या मध्यभागी पृथ्वी होती, सूर्य नव्हे. पण डोळ्यांना दाखवून शिकवायचं, हा हेतू तोच.

आता घरातली गोष्ट. साडेसाती म्हटलं की आपल्याकडं सोयरीक अडते, दुकानाचा मुहूर्त पुढं जातो. श्रद्धा ज्याची त्याची. पण हिशोब तर बघा. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. तीन राशींची झाली साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना, जवळपास पाव जगाला साडेसाती असते! शनी कुणाच्या दाराशी थांबत नाही, तो आपल्या वाटेनं चालतो. चाक फिरताना दिसलं की भीती कमी होते. अशा यंत्रांची ओढ टिकून आहे, ती मला वाटतं यामुळंच.

शेवटी एक सूचना. आवारात रंगानं सहा वर्तुळं काढू आणि बुधापासून शनीपर्यंत सहा रंगीत दगड ठेवू. दर महिन्याला मुलांनी पृथ्वी ३० अंश सरकवायची, गुरू अडीच, शनी फक्त एक अंश. आज शनीचा दगड ठेवणारं लेकरू त्याची फेरी पूर्ण होईल तेव्हा स्वतः आई किंवा बाप झालेलं असेल. त्यानं आपल्या मुलांना हे वर्तुळ दाखवावं, एवढीच इच्छा.