हात आणि नजर

कारागीर कामात तरबेज झाला म्हणजे त्याचा ‘हात बसला’ असे आपण म्हणतो. अंदाज अचूक ठरू लागला म्हणजे ‘नजर बसली’ म्हणतो. भाषेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रत्यक्ष कामात मात्र त्या क्वचितच वेगळ्या सापडतात. रंधा मारताना फळीचा उंचवटा आधी डोळ्याला कळला की तळहाताला, हे सुताराला स्वतःलाही सांगता येणार नाही. दोघांची फारकत झाली तरच कोणाचा वाटा किती ते उमगते. इंग्लंडमधील दोन माणसांच्या वाट्याला अशी फारकत आली.

पहिला इयान वॉटरमन. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजाराने त्याची मानेखालची स्पर्शाची आणि अवयवांच्या ठेवणीची जाणीव नाहीशी झाली. स्नायू शाबूत होते. पण आपला हात कोठे आहे, हे पाहिल्यावाचून त्याला कळेना. डोळ्यांचा पहारा ठेवून तो पुन्हा चालायला शिकला. मात्र दिवा गेला की तो कोसळे. एकटी नजर काम निभावते खरी, पण तिला क्षणाची उसंत मिळत नाही.

दुसऱ्याची हकीकत याहून विलक्षण आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी व जीन वॉलेस यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली, ती केवळ ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनी. दहा महिन्यांचा असताना दृष्टी गमावलेल्या या गृहस्थाला बावन्नाव्या वर्षी, १९५८-५९ च्या हिवाळ्यात, शस्त्रक्रियेने दृष्टी लाभली. अंधपणीच तो हत्यारे चालवण्यात वाकबगार झाला होता. आता त्याने भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ सांगितली. कारण काच नसलेल्या घड्याळाचे काटे तो वर्षानुवर्षे चाचपत आला होता. इंग्रजीची मोठी अक्षरे त्याला ओळखता आली, कारण शाळेत ती बोटांनी शिकवली होती. लहान अक्षरे शिकवलीच नव्हती; ती डोळ्यांनाही परकी राहिली.

लेथ पाहण्याची त्याला फार दिवसांची हौस होती. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एका जुन्या लेथसमोर त्याला नेले. जवळचा भाग मूठ असावी, यापलीकडे त्याला काही सांगता येईना. मग पेटीची काच उघडण्यात आली. त्याने डोळे मिटले, यंत्रावरून अधीरपणे हात फिरवले, मागे सरकून डोळे उघडले. आणि आता स्पर्श झाल्यावर ते आपल्याला दिसते आहे, असे तो म्हणाला. हाताने ओळख करून दिल्यावर नजर कामाला लागली!

परंतु उरलेल्या जगाची अशी ओळख कोण करून देणार? अंध असताना निर्धास्तपणे रस्ता ओलांडणारा हा माणूस डोळस झाल्यावर वाहनांना भिऊ लागला. संध्याकाळी पुष्कळदा तो दिवा न लावताच बसून राही. १९६० साली तो वारला.