गुणसूत्रांची टोके आणि घसाऱ्याचा हिशेब

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्यासमोर सादर झालाच आहे. त्याला जोडून आज एका शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; या विषयावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु ‘टेलोमिअर वाढवून आयुष्य वाढविणारी’ औषधे व तपासण्या यांची जाहिरातपत्रके घेऊन रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येतात आणि ‘साहेब, हे घ्यावे का?’ असे विचारतात. घरातील दागिना मोडून पैसे उभे करणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नाचे नीट उत्तर मिळणे अगत्याचे आहे.

आमच्या हिशेबशास्त्रात ‘घसारा’ नावाची एक बाब असते. यंत्र कितीही उत्तम असले तरी वापराने झिजते आणि ती झीज दरवर्षी वहीत नोंदवावी लागते. पेशीलाही असाच घसारा सोसावा लागतो. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब धागा. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या धाग्याची नक्कल होते. पण नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टोक थोडे आखूड होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. धागा मध्येच तुटला तर पेशी तो तत्परतेने सांधते. मग नैसर्गिक टोक आणि तुटलेले टोक यांतील भेद तिने कसा ओळखावा? तो ओळखता आला नाही तर दोन निरोगी गुणसूत्रेच एकमेकांना जोडली जातील. हर्मन म्युलर यांनी १९३८ साली नैसर्गिक टोकांना ‘टेलोमिअर’ हे नाव दिले. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या पेशींत तुटलेली टोके एकमेकांना चिकटत असल्याचे दाखविले.

या कोड्याचा बराचसा उलगडा यीस्टने केला. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथच्या बेकऱ्यांत ज्या यीस्टने पाव फुगतो, तेच हे यीस्ट. त्याच्या एका पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ३२ टोके असतात. प्रत्येक टोकाला डीएनएची सुमारे ३०० अक्षरजोड्यांची राखीव पट्टी असते. या पट्टीवर प्रथिने तीन प्रकारची कामे करतात.

पहिले काम झाकण्याचे. ‘सीडीसी-१३’ हे प्रथिन आपल्या दोन सहकारी प्रथिनांसह टोकाच्या एकेरी धाग्यावर बसते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे प्रथिन निकामी करताच टोकाचा एक धागा कुरतडला जाऊ लागला आणि पेशीने धोका ओळखून विभाजन थांबविले. दुहेरी धाग्यावर ‘रॅप-१’ नावाचे प्रथिन ओळीने बसते आणि टोके परस्परांना जोडली जाऊ नयेत याची दक्षता घेते.

दुसरे काम भरपाईचे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जॅक शोस्टाक यांनी १९८२ साली एका सूक्ष्म जलचर जीवाची टोके यीस्टमध्येही काम करतात, हे सिद्ध केले. पुढे कॅरोल ग्रायडर व ब्लॅकबर्न यांना टोके वाढविणारे ‘टेलोमरेज’ हे विकर सापडले. १९८९ साली यीस्टमधील एक जनुक बिघडवून पाहिले, तेव्हा टोके पिढ्यानपिढ्या आखडत गेली आणि अखेर पेशी मरू लागल्या. घसाऱ्याची भरपाई बंद झाली होती. या तिघा संशोधकांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी व्यंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्याने आपल्याकडे साहजिकच त्यांचे नाव अधिक गाजले.

तिसरे काम मर्यादा राखण्याचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या बारवी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपण जाणतोच. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. साठा किती असावा याची मर्यादा रचनेतच घातलेली आहे. यीस्टमध्येही अशीच व्यवस्था असल्याचे १९९७ साली दिसून आले. टोकावर रॅप-१ चे किती रेणू बसले आहेत, यावरून पेशीला लांबीचा अंदाज येतो. रेणू पुरेसे असले की त्यांची साथीदार प्रथिने ‘रिफ-१’ व ‘रिफ-२’ टेलोमरेजला आवर घालतात. टोक आखूड झाले, रेणू घटले, की हा आवर सैल होतो आणि भरपाई सुरू होते.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रांची ९२ टोके असतात. तेथील संरक्षक प्रथिनांचा संच काहीसा निराळा असला तरी कामे हीच आहेत. शरीरातील बहुतेक पेशींत टेलोमरेज जवळजवळ बंद असते. भरपाई अपुरी पडण्याचा दोष काही कुटुंबांत जन्मजात असतो. अशांना अस्थिमज्जा निकामी होणे किंवा फुप्फुसे ताठर होणे असे विकार जडतात. उलट, कर्करोगाच्या दहांपैकी सुमारे नऊ गाठींत हेच टेलोमरेज पुन्हा चालू झालेले आढळते आणि त्या जोरावर रोगट पेशी अमर्याद वाढतात. तूट जशी घातक, तशी अनिर्बंध जमाही घातक.

म्हणूनच ‘टोके वाढवा, तारुण्य मिळवा’ हे आश्वासन अर्धाच हिशेब दाखविते. अशा गोळ्यांनी निरोगी माणसाचे आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. टेलोमिअरची लांबी मोजण्याची तपासणी मात्र सर्वस्वी निरुपयोगी नाही. वर सांगितलेल्या जन्मजात विकारांची शंका असल्यास तज्ज्ञ डॉक्टर ती करून घेतात. एकाच रक्ताच्या नात्यात दोघा-तिघांना अस्थिमज्जेचा वा फुप्फुसांचा असा आजार झाला असेल, तर ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

रुग्णांच्या आप्तांना माझी नम्र विनंती आहे की, अशा कोणत्याही पत्रकावर पैसे खर्च करण्यापूर्वी ते आमच्या डॉक्टरांना दाखवावे. देणगीदारांना एवढेच निवेदन करतो की, ज्या ज्ञानाच्या आधारे आज एखाद्या कुटुंबाचा आजार ओळखता येतो, त्याचा पाया पावाच्या यीस्टवर वर्षानुवर्षे चाललेल्या शांत कामाने घातला. अशा कामाचे फळ ताळेबंदात त्याच वर्षी दिसत नाही.