रेकॉर्डवर नसलेलं नाव



केरसी लॉर्ड हे नाव आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटणार नाही. पण 'हम दोनो'मधल्या (१९६१) देव आनंदच्या लायटरची धून चारकोपच्या घराघरांत ऐकलेली आहे. ती किणकिण ग्लॉकेनस्पीलवर केरसींनी वाजवली. 'आराधना'तल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियनही त्यांचंच.

हे मुंबईचं पारशी कुटुंब. वडील कावस लॉर्ड यांनी बोंगो-काँगो हिंदी चित्रपटसंगीतात रुळवले. भाऊ बुजी ड्रम्स आणि व्हायब्राफोन वाजवत. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या आणि नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्यांमुळे सूर थरथरतो. लायनेल हॅम्प्टन यांनी १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो वाजवला, आणि पुढे तो जाझचा झाला. आपल्याकडे लॉर्ड बंधूंसारख्या वादकांनी तो सिनेमाच्या गाण्यांत वाजवला. पुढे केरसींनी मूग सिंथेसायझरही आपलासा केला.

रेकॉर्डच्या लेबलवर मात्र गायक, गीतकार आणि संगीतकार एवढीच नावं. २०१६ मध्ये केरसी गेले, तेव्हा ही सूरावट कुणाची हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोणती ओळ कोणी लिहिली, याची नोंद आपोआप राहते. गाण्यांत ती राहिली नाही.

म्हणून एक विनंती. या स्मरणिकेत सत्कारमूर्तींबरोबर प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या बाईंचं, घंटा देणाऱ्या शिपाईमामांचं नावही छापूया.