सवडीची पुस्तकं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



बँकेत असताना म्हणायचो, रिटायर झालो की वाचू. झालो, आणि हिच्या आजारपणात रात्री जागायची वेळ आली. तेव्हा पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' मोठ्याने वाचायचो. ही दुखणं विसरून हसायची.

जड पुस्तकानं सुरुवात करू नका. आधी चिं. वि. जोशींचा चिमणराव, मग धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तरची, माडगूळकरांची छोटीशी 'बनगरवाडी', मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. कंटाळा आला तर खुशाल मिटा. परीक्षा थोडीच आहे!

आज ही नाही. ही सगळी पुस्तकं सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली आहेत. घेऊन जा, घरात कुणाला तरी वाचून दाखवा. परत करताना व्याज नको!