लेकीचा खोकला

(वसमत येथे महिला व किशोरींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला खोकल्याविषयी बोलायचं आहे. हुंडा, मारहाण, टाकलेल्या बायका हे सगळं सोडून खोकला कशाला, असं कुणाला वाटेल. पण १४-१५ वर्षांची पोरगी महिनाभर खोकते, छाती आवळल्यासारखी होते म्हणते, आणि घरात ठरतं की बाहेर बोलायचं नाही, पाहुणे बघायला येणार आहेत; तेव्हा तो प्रश्न आपला होतो. मुलगा खोकला तर बाप त्याला गाडीवर बसवून नांदेडला नेतो. मुलीला आधी काढा, मग मेडिकलवरची बाटली, मग 'बघू चार दिवस'.

खोकला हा काही एक रोग नाही. तो कशानं आला हे शोधावं लागतं, आणि शोधायची सुरुवात डॉक्टरच्या आधी आपल्यापासून होते. कधी येतो? रात्री की पहाटे? कुठलं काम करताना? आपल्या वसमतची हळद नावाजलेली. ती शिजते, वाळते, मग ड्रममध्ये घालून पॉलिश होते, तेव्हा जो धुराळा उडतो तो निवडायला बसलेल्या बाया-पोरींच्या नाकातोंडात जातो. हळद औषधी आहे हे खरं, पण फुप्फुसात गेलेली धूळ ती धूळच. घरी आल्यावर पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघर दिसतो, पण भरून आणायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. आणि चुलीपुढे पोरगीच बसते, पोरगा नाही.

हंगामात, धुरात, थंडीत किंवा पळाल्यावर खोकला वाढतो, पहाटे छातीत शीळ वाजते, मधले काही दिवस ती अगदी बरी असते, असं असेल तर दम्याचा संशय घ्यावा. दमा म्हातारपणीच होतो ही समजूत चुकीची. फुंकर मारायच्या यंत्रावर तो तपासता येतो. त्यावरचा पंप म्हटलं की आया घाबरतात, 'सवय लागेल' म्हणतात. सवय लागत नाही. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोडंसं पुरतं. पोटातून घेतलेल्या गोळीला किंवा गावात मारलेल्या सुईला जास्त मात्रा लागते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणून वारंवार सुई घेणं मात्र फार वाईट.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, भूक मेलेली, वजन उतरलेलं, रात्री घाम. यातलं नुसता खोकला एवढं असलं तरी बेडका तपासलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे, औषधंही फुकट. तोंडातली लाळ चालत नाही, छातीतून काढलेला बेडका हवा. मुलींना चारचौघांत खाकरायची लाज वाटते, म्हणून आपली एक बाई सोबत असावी. मेडिकलवरून मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. काही गोळ्यांनी क्षय काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वयाची २२ वर्षंही पुरी नव्हती. कॉखनं क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा पाचच वर्षं झाली होती, औषध जगात कुठेच नव्हतं. आज साध्या क्षयाला सहा महिन्यांचं औषध आहे. खाण्यासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. तरी पोरगी लपवली जाते, कारण लग्न.

लग्न झालेलीचं तर विचारूच नका. गोळ्या ट्रंकेत, कपड्याच्या घडीत. सासरी कळलं की माहेरी धाडतात. इथे कायदा माहीत असू द्या: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्षय हे घटस्फोटाचं कारण नाही. आणखी दोन गोष्टी दवाखान्यात घाईत सांगायच्या राहतात. या औषधानं लघवी नारिंगी होते, पोरी रक्त समजून औषध सोडतात. ते रक्त नव्हे. दुसरं, याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. तेव्हा तांबी किंवा निरोध असा दुसरा उपाय विचारून घ्यावा.

दमा नाही, क्षय नाही, तरी धाप लागते, आडवं झाल्यावर खोकला येतो, लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, अशा मुलीचं हृदय तपासायला सांगा. झडप खराब असू शकते. रक्त कमी असलं तरी दम लागतो, पण खोकल्याचं खापर त्यावर फोडू नये.

आणि छाती धास्तीनंही आवळते. शाळा सुटणार, लग्न ठरलंय, घरातला कुणी अंगचटीला येतो, हे पोरगी आईसमोर बोलत नाही. पण 'नाटकं करते' हे पहिलं निदान नसावं. आधी छाती तपासावी, बेडका तपासावा. मग तिला एकटीला बसवून विचारावं, आणि विचारणारी बाई घरातली नसावी.

बेडक्यात क्षय निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी मागा. पुष्कळदा आजोबांचा जुना खोकला तेव्हाच उघडा पडतो. त्यांची सेवा करायला, थुंकीचं भांडं उचलायला हीच पोरगी असते.