हृदयाचे औषध मेंदूच्या रक्षणासाठी
(वार्षिक सभेतील भाषण)



इंदापूर तालुक्यातील एका आजींची वाचा पहाटे गेली, उजवा हात लुळा पडला. ‘अंगावरून वारं गेलं’ असे समजून घरच्यांनी मायेने तेल चोळले. त्या आमच्याकडे पोहोचल्या तेव्हा दुपार उलटली होती. औषध कपाटात होते. देण्याची वेळ निघून गेली होती. ‘डॉक्टर, सकाळीच आणलं असतं तर?’ हा त्यांच्या मुलाचा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवणे आम्हास कर्तव्य वाटते.

पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीमुळे होतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळविणारी औषधे मात्र मुळात हृदयविकाराच्या झटक्यासाठी आली. अमेरिकेत अल्टेप्लेजला १९८७ साली हृदयविकारासाठी आणि १९९६ साली पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. त्याच घराण्यातील टेनेक्टेप्लेज २००० साली तेथे हृदयविकारासाठी मान्य झाले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने ते आपल्याकडे तयार केले आणि भारतात २०१६ साली त्यास पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेत ही मान्यता २०२५ साली मिळाली.

जुन्या औषधाचा असा प्रत्येक नवा उपयोग सिद्ध होतोच असे नाही. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिनकडून पक्षाघाताच्या रुग्णांना मोठी आशा होती; परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील ३,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात त्याने रुग्णांचे स्वावलंबन वाढल्याचे दिसले नाही. म्हणून आम्ही पुराव्यावर उतरलेलेच औषध वापरतो.

अल्टेप्लेज शिरेतून तासभर द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनने काही सेकंदांत देता येते. बारामतीसारख्या ठिकाणी हा फरक फार मोलाचा आहे. इंजेक्शन येथेच देऊन, गुठळी नळीवाटे काढण्याची गरज असल्यास रुग्णास सुमारे १०० किलोमीटरवरील पुण्याला तातडीने हलविता येते. मात्र हे इंजेक्शन साधारणतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शिवाय त्याआधी सीटी स्कॅन अनिवार्य आहे. कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर हेच औषध घातक ठरते. योग्य रुग्णातही रक्तस्रावाचा थोडा धोका राहतोच, आणि तो आम्ही नातेवाईकांना आधी समजावून सांगतो.

देणगीदारांना विनंती आहे की, स्कॅन यंत्राइतकेच ते रात्री चालविणाऱ्या तंत्रज्ञाचे महत्त्व जाणावे. औषधाचा साठा आणि रात्रपाळीचा खर्च यांवर फलक लागत नाही. पण पहाटे आलेल्या रुग्णाचे भवितव्य त्यावरच ठरते.

कुटुंबीयांना इतकेच सांगणे आहे: तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि लगेच निघा. घरी ॲस्पिरिनही देऊ नका. मालीश नंतर करता येईल. गेलेली मिनिटे परत आणता येत नाहीत.