जुनी संगणकीय पाने आणि मराठी अक्षर



जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यावेळचे दप्तर कागदाचे होते आणि जपून ठेवलेला कागद आजही वाचता येतो. संगणकावरील पानाची गोष्ट निराळी आहे. पान शाबूत असले तरी ते ब्राउझरला उमगले पाहिजे.

सुरुवातीच्या संकेतस्थळांवर पानाची मांडणी चौकटी, ‘फॉन्ट’ ही खूण, सरकती ‘मार्की’ अशा साधनांनी होत असे. २०१४ साली एचटीएमएलच्या नव्या प्रमाणकाने ही साधने कालबाह्य ठरविली. तरीही ब्राउझर ती आजही ओळखतात, कारण न ओळखल्यास असंख्य जुनी पाने विस्कटतील. एकाच कंपनीच्या सोयींना मात्र हे भाग्य लाभले नाही. नेटस्केपची ‘लेयर’ ही खूण २००० साली तिच्याच नव्या आवृत्तीने टाकून दिली.

मराठीला खरा फटका बसला तो अक्षरांमुळे. जुन्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. पानासोबत फॉन्ट पाठविण्याची मायक्रोसॉफ्टची ‘ईओटी’ ही सोय इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच राहिली. फायरफॉक्स व क्रोम यांनी ती स्वीकारली नाही. १५ जून २०२२ रोजी बहुतेक संगणकांवरील एक्सप्लोररचा आधारही संपला. अशा पानाची चौकट आज नीट दिसते. आत मात्र रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते.

समजा, भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीची लाभार्थी यादी अशा फॉन्टमध्ये आहे. लाभार्थ्याने आपले नाव मराठीत टंकून शोधले, तर यादीत असूनही ते सापडणार नाही. तक्रार घेऊन तो कोणाकडे जाणार?

यावर उपाय युनिकोडचा. त्यात ‘क’ला ०९१५ हा षोडशमान क्रमांक कायमचा दिलेला आहे, फॉन्ट बदलला तरी तो बदलत नाही. जुना मजकूर परिवर्तक प्रणालीने युनिकोडमध्ये आणता येतो, पण ते काम डोळे मिटून करण्याजोगे नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार आणि जोडाक्षरेही घसरतात. म्हणून निदान व्यक्तींची व गावांची नावे मूळ कागदाशी एकेक करून ताडावीत, आणि ताडणी पुरी होईपर्यंत जुनी फाईल पुसू नये.